हाक आणि कानगोष्ट

“दादा इतक्या लवकर का विझला?” धाकट्याने साऱ्या घराला विचारलं.

वस्तू एकमेकींशी बोलायच्या त्या दिवसांतली ही गोष्ट. एका घरात धूर ओळखणारे दोन सेन्सर भाऊ होते. वायफायची लांब जाणारी, बॅटरी खाणारी हाक आणि झिगबीची, म्हणजे जवळच्या वस्तूला हळूच सांगायची कानगोष्ट, दोन्ही त्यांना यायचं. थोरला मात्र लांबच्या राउटरला थेट हाकच मारायचा. ओरडून ओरडून एके दिवशी त्याची बॅटरी संपली. मग धाकटाही हट्टाने तसाच ओरडू लागला.

“अरे वेड्या, माझ्या कानात सांग, मी पुढे पोचवतो,” शेजारचा दिवा म्हणायचा. “मी विजेवर जगतो, माझं काय जातंय?”

“माझा दादा कुणाच्या आडून बोलला नाही!”

एका दुपारी कढईतलं तेल पेटलं. घरच्या वसुधाकाकू गच्चीवर होत्या, बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. धाकट्यात जेमतेम धुगधुगी उरली होती. हाक मारली असती, तर ती अर्ध्या वाटेतच विरली असती.

“दादा, रागावू नकोस,” तो पुटपुटला आणि दिव्याच्या कानाशी लागला. “धूर!”

दिव्याने भिंतीवरच्या प्लगला सांगितलं, प्लगने धोक्याच्या घंटेला. घंटा खणाणली. काकू धावत आल्या आणि बाळाला उचलून बाहेर पळाल्या. धाकट्याला ती घंटा ऐकू आली नाही. तो एक शब्द सांगण्यातच त्याची उरलीसुरली बॅटरी संपली होती.