हार गिळणारा हत्ती

पूर्वी कमलसर नगरात मणिकंठ नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याच्याच गजशाळेत एका हत्तिणीच्या पोटी जन्म घेतला होता. अंगाने तो पांढुरका, चालीने संथ आणि केळ्यांच्या बाबतीत जरासा उतावळा होता. सोणक नावाचा माहूत त्याची सेवा करीत असे.

हे नगर एका मोठ्या तळ्याच्या खाली वसलेले होते. तळे वर, घरे खाली आणि दोघांच्या मध्ये मातीचा जुना बांध. दर वर्षी सुगी संपली की बांधाची डागडुजी व्हायची. तिची रीत अशी, की मातीची पहिली पाटी राजाने टाकायची, मग बाकीच्यांनी. राजाच्या आधी कुणी माती टाकली तर बांधातला यक्ष कोपतो, असे सारे मानीत. यक्ष कुणी पाहिला नव्हता. पण कोपलेला यक्ष पाहण्याची हौसही कुणाला नव्हती.

मणिकंठ गादीवर आला आणि त्याने पाटीला हातच लावला नाही. बांधासाठी येणारी माणसे त्याने आपल्या उद्यानात हंसांसाठी पुष्करिणी खणायला लावली. इकडे बांधाला भेग पडली आणि पाणी झिरपू लागले. लोक कुरकुरले, तेव्हा राजाने वायुभक्ष तपस्व्याला पुढे केले. हा तपस्वी नुसत्या वाऱ्यावर जगतो, अशी त्याची ख्याती होती. तो भेगेपाशी उभा राहिला, त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "ही भेग नव्हे. हे तीर्थ आहे. बुजवाल तर पाप लागेल."

झाले. भेगेपाशी रांगा लागल्या. बांधाला अगदी लागून चापा नावाच्या कुंभारणीचे घर होते. तिच्या घरात जमीन ओली, चूल ओली, मडकी काही केल्या वाळत नव्हती. बांध फुटला तर पहिले घर तिचेच जाणार होते. तरी ती रोज सकाळी भेगेला एक फूल वाही आणि घरी येऊन ओल्या चुलीला शिव्या देई. दोन्ही कामे ती मनापासून करी.

वायुभक्षाचे बिंग फुटले ते मांजरांमुळे. नगरातली मांजरे रोज संध्याकाळी त्याच्या गुहेकडे जात. लोक म्हणत, "बघा, मुक्या जिवांनासुद्धा भक्ती कळते!" एकदा राजाने त्याची मिरवणूक काढली. रथ चौकात आला, तोच एका छपरावरून एक बोका थेट तपस्व्याच्या जटांत उतरला. जटा सुटल्या आणि आतून सुके मासे पडू लागले. पडले ते पडतच राहिले. जुनी माणसे सांगत, की शेवटी एक खेकडा निघाला आणि तो जिवंत होता. पण खेकड्याचे आपण सोडून देऊ.

राजा घाईघाईने उठून म्हणाला, "हा चमत्कार आहे! महाराजांनी मासे प्रकट केले!"

लोकांनी आजवर राजाचे बरेच ऐकून घेतले होते. पण समोर बोका मासा खात असताना हे ऐकणे त्यांना जमेना. त्यांनी दोघांना एकाच बैलगाडीत बसवले आणि सीमेपार नेऊन सोडले. तुझ्यामुळे माझे गेले, असे दोघे वाटभर भांडत गेले, असे गाडीवान सांगे. गाडीवानावरही कुणी विश्वास ठेवला नाही.

कारण राग होता तोवर ठीक होते. राग उतरला आणि लोक गोंधळले. कुणाचे काय खरे मानावे, ते कळेना. पहारेकऱ्याने उजाडले म्हणून हाक दिली तर लोक खिडकी उघडून पाहत आणि पाहूनही खात्री पटत नसे. वैद्य म्हणे, "जीभ दाखव." रोगी म्हणे, "आधी तुझी दाखव." तीर्थाचे काय करावे, हेही ठरेना. तपस्वी भोंदू होता हे खरे, पण तीर्थ खरे असले तर? चापा तर रोजच्यासारखी फूल वाहायला जाई. शेजारीण म्हणाली, "अगं, आता कशाला?" चापा म्हणाली, "असलं तर असलं, नसलं तर नसलं. एका फुलानं माझं काय जातंय?"

भेग मात्र गोंधळली नव्हती. ती रोज थोडी रुंदावत होती.

बांधावर माती टाकायची तर राजा हवा. राजा नसला की कमलसरात एक जुनी रीत होती. मंगल हत्तीच्या सोंडेत हार द्यायचा. तो ज्याच्या गळ्यात घालील, तो राजा. मंगल हत्ती म्हणजे आपला बोधिसत्त्व.

निवडीच्या दिवशी नगरात औषधालाही गूळ मिळेना. ज्याला त्याला राजा व्हायचे होते आणि हत्तीला गोड आवडते, हे सगळ्यांना ठाऊक होते. माजी अमात्यांपासून हलवायापर्यंत सारे जण गळ्याला गूळ चोपडून रांगेत उभे राहिले. ऊन वाढले, तसा गूळ वितळून पोटावर ओघळू लागला.

हत्ती सोंडेत हार घेऊन निघाला. सोणक त्याच्या कानाशी पुटपुटला, "बाबा रे, टाक कुणाच्याही गळ्यात. राजा झाला की पाटी टाकील, बांधाचं काम सुरू होईल. आणि लवकर कर, त्यांना मुंग्या लागल्यात."

हत्ती एकेका गळ्यापाशी थांबला. त्याला भूक लागली होती आणि सगळे गळे चांगले गोड होते. त्याच्या मनात आले, 'वासावरून मला गूळ कळतो. माणूस कळत नाही. मणिकंठाच्या गळ्यात हार घातला तो माझ्याच बापाने, आणि त्याही गळ्याला उसाचा वास होता म्हणतात. जे मला कळत नाही, ते कळते असे सोंडेने तरी मी का सांगावे?'

पण हार खाली टाकावा, तर उचलणारे एकमेकांचे गळे धरतील. परत द्यावा, तर ज्याच्या हातात देईल तोच राजा होऊन बसेल. हत्तीने पुष्कळ विचार केला आणि हार गिळला.



"हार कुठं गेला?" मागच्यांनी विचारले.

"पोटात."

"कुणाच्या?"

"हत्तीच्या."

"मग राजा कोण?"

 तेवढ्यात चापा ओरडली, "अहो, ज्याच्यापाशी हार तो राजा! रीत म्हणजे रीत! हत्तीच राजा!"

"खरंच की," कुणी म्हणाले. "हत्ती कधी खोटं बोलला नाही."

"तो बोलतच नाही."

"म्हणून तर!"

कुणावरच विश्वास न ठेवता ठेवता ती माणसे फार दमली होती. त्यांनी हत्तीपुढे लोटांगण घातले. हत्ती मागे वळून पाहू लागला, की कुणाला घालतात.

आता राजा बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या वतीने बोलणारा लागतो. तो लगेच मिळाला. वायुभक्षाचा एक शिष्य होता, तिरीट नावाचा. माशांच्या दिवशी संध्याकाळीच त्याने आपल्या जटा उतरवल्या होत्या. तो तुळतुळीत डोक्याने पुढे आला आणि म्हणाला, "मला गजभाषा येते."

दुसऱ्या दिवशी हत्तीच्या डाव्या कानावर माशी बसली. त्याने कान हलवला. तिरीट म्हणाला, "महाराजांची आज्ञा झाली. डाव्या आळीने उजव्या आळीत राहायला जावे." लोक खाटा डोक्यावर घेऊन निघाले. मग माशी उजव्या कानावर बसली आणि लोक खाटा घेऊन परत आले. हत्तीला काहीच उमगेना. त्याने कान हलवणे सोडले, तर तिरीट म्हणाला, "महाराज प्रजेवर रुष्ट आहेत. केळी आणा." ती केळी कोण खात होते, हे सोणकाला ठाऊक होते. पण माहुताचे कोण ऐकतो?

सोणक रोज म्हणे, "महाराजांच्या सोंडेत पाटी द्या. टाकतील ते माती."

तिरीट म्हणे, "मुहूर्त नाही."

हे खरे तर त्याचे गणित होते. राजा कामाला लागला की त्याचे बोलणे समजावून सांगायला माणूस लागत नाही. त्याने हत्तीच्या पायात सोन्याचा मुलामा दिलेली साखळी घातली आणि राजाने पायी फिरू नये, अशी आज्ञा हत्तीच्याच नावाने काढली.

एके सकाळी वाऱ्याबरोबर गजशाळेत ओल्या मातीचा वास आला. हत्तीने तो ओळखला. बांध आतून सुटत होता. त्याने साखळी तोडली आणि तो रस्त्याने धावत सुटला. लोकांना वाटले, मिरवणूक आहे. ढोल वाजवीत सारे मागे निघाले.

बांधापाशी येऊन हत्तीने सोंडेने चिखल उचलला आणि भेगेत थापला. मग आणखी उचलला. तिरीट धापा टाकीत म्हणाला, "महाराज तीर्थाला लेप देत आहेत! ही माती म्हणजे प्रसाद!"

मग काय विचारता? हत्ती एक सोंड माती थापी आणि लोक दोन मुठी काढून नेत. कुणी कपाळाला लावली, कुणी पदरात बांधली. चापाने चुलीला लावण्यासाठी चांगला मोठा गोळा नेला. भेग होती त्याहून मोठी झाली. हत्ती थांबून त्या माणसांकडे पाहत राहिला. तो रागावला नाही. त्याला ती खरोखरच कळली नाहीत. 'मी घालतो, ते काढतात. मी त्यांच्यासाठी घालतो, ते माझ्यासाठी काढतात,' एवढेच त्याच्या मनात आले.

भेगेचे भगदाड होऊ लागले, तेव्हा त्याने पाठ फिरवली, भगदाडाला टेकवली आणि तो तिथे बसला.

पाणी थांबले.

लोक आज्ञेची वाट पाहू लागले. राजाने कान हलवला नाही, सोंड हलवली नाही. तिरीट आज्ञा रचून थकला. सोणकाने चारा पुढे केला, पण चाऱ्यासाठी मान वाकवली तरी पाठीमागून पाण्याची धार सुटे. म्हणून हत्तीने चाराही सोडला. त्याच्या पाठीमागे सगळे तळे होते आणि पुढे हात जोडलेले सगळे नगर होते. कुणाचे वजन जास्त होते, ते सांगणे कठीण आहे.

इकडे चापाची चूल धडधडून पेटली. पहिल्यांदा तिला वाटले, प्रसादाचा गुण. मग तिने खाली पाहिले, तर जमीनही कोरडी होती आणि जमिनीला काही तिने प्रसाद लावला नव्हता. ती फूल घेऊन बांधावर गेली. हत्तीपुढे वाकली, तेव्हा तिला त्याचे पाय दिसले. ते थरथरत होते. पाण्यात राहून पाठीची कातडी सोलवटली होती.

"महाराज, उठा," ती म्हणाली.

हत्तीने तिच्याकडे पाहिले, पण तो उठला नाही.

"अहो, उठा ना. दमलात तुम्ही."

तेव्हा हत्तीने अगदी थोडी पाठ सरकवली. पाण्याची एक धार चापाच्या पायांवरून तिच्या घराच्या दिशेने गेली. हत्तीने पाठ पुन्हा टेकवली.

चापाने आपल्या ओल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाली, "अगं बाई! आपण उभे आहोत म्हणून हा बसलाय!"

हातातले फूल तिने कुठे टाकले, कुणी पाहिले नाही. ती घरी गेली आणि मडक्यांसाठी मळलेली मातीची पाटी डोक्यावर घेऊन आली. लोक ओरडले, "चापे, राजाची पाटी पडण्याआधी? यक्ष आहे बांधात!"

"यक्ष असेल तर तोही भिजला असेल," चापा म्हणाली आणि तिने हत्तीच्या बगलेला पाटी उपडी केली.

सगळ्यांनी श्वास रोखून बांधाकडे पाहिले. यक्ष आला नाही. एक बेडूक आला आणि गेला.

"थांबा! महाराजांची आज्ञा झालेली नाही!" तिरीट मध्ये आला.

चापाने दुसरी पाटी भरून त्याच्या हातात दिली. "मग होईपर्यंत ही धर."

पाटी जड होती. तिरीटाने थोडा वेळ धरली, इकडे तिकडे पाहिले आणि मग टाकावी लागली म्हणून बांधावर टाकली. लोकांना वाटले, आज्ञा झाली असावी. काहींना वाटले, नसावी. पण पाट्या येऊ लागल्या. हलवायाने आणली, वैद्याने आणली, त्याच्या रोग्याने आणली. प्रसाद नेणाऱ्यांनी पदराच्या गाठी सोडल्या. हत्तीच्या दोन्ही बाजूंनी बांध उभा राहिला, मग त्याच्या पाठीमागेही माती दाबून बसवली. सोणकाने कानात म्हटले, "बाबा, आता ऊठ." हत्ती उठला. बांध टिकला.

पाठीवर चिखल तसाच घेऊन हत्ती अरण्याच्या वाटेला लागला. त्याला अडवावे की त्याच्या पाया पडावे, हे लोकांचे ठरेपर्यंत तो दिसेनासा झाला.

"आता राजा कोण?" कुणीतरी विचारले.

"चापाला करा," दुसरा म्हणाला.

"मला मडकी भाजायची आहेत," चापा म्हणाली आणि घरी गेली.

पुढे कमलसरात राजे झाले. काही बरे निघाले, काही मणिकंठासारखे. लोकांचा गोंधळ काही गेला नाही. बांधाची रीत मात्र बदलली. पहिली पाटी ज्याचे घर बांधाजवळ त्याची आणि राजाची पाटी शेवटची.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जेतवन विहारात सांगितली. कुणाला, ते आता सांगतो. एका गावच्या ग्रामणीने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, पुलासाठी आणलेल्या लाकडांचा स्वतःसाठी सज्जा बांधला होता आणि गावच्या आचार्याने त्या सज्ज्याला शुभाशीर्वाद दिला होता. पूल नव्हता आणि गावची माणसे ओढ्यातून चालत जात. चिडलेले गावकरी हार घेऊन आले. त्यांचा पुढारी पुण्णक हात जोडून म्हणाला, "भगवन्, आमचा कुणावरही विश्वास राहिला नाही. आता तुम्हीच. तुम्ही म्हणाल तसे आम्ही करू. तुमचे म्हणणे गावाला समजावून सांगायला मी आहेच." तेव्हा शास्त्याने वरची कथा सांगितली आणि जन्मांचा मेळ घातला.

"त्या वेळचा मणिकंठ आज तुमचा ग्रामणी आहे आणि वायुभक्ष तुमचा आचार्य. सोणक माहूत म्हणजे हा माझा शिष्य आनंद. चापा कुंभारीण ती मागे बसलेली म्हातारी, जी मघापासून लुगड्याचा ओला काठ पिळते आहे. कमलसरचे लोक ते तुम्ही. तिरीट कोण होता, ते पुण्णका, तुला विचारतो."

पुण्णक एक पाऊल मागे सरकला.

"आणि तो हत्ती मी होतो. माघार न घेता जागेवर टिकून राहणे, ही अधिष्ठान पारमी, बुद्धत्वाच्या वाटेवरची एक साधना, मी त्या बांधावर पुरी केली. हार मात्र आता पुन्हा नको. मागचा खाल्ला, तेव्हा पोट फार दुखले होते."

लोक हसले, मग एकमेकांना विचारू लागले, की हाराचे करायचे काय. ठरत नव्हते. म्हातारी उठली आणि दाराकडे चालू लागली.

"आजी, निघालात कुठं?" पुण्णकाने विचारले.

"ओढ्यावर," ती म्हणाली. "येताना काठाला एक ओंडका पडलेला पाहिला. माझ्या एकटीच्यानं उचलवायचा नाही."