धावड्याचे चार खिळे

सातपुड्यातल्या एका संस्थानात अच्युतराव धारप नावाचे जंगलाचे मुख्य अंमलदार होते. रानाला माणसाचा हातही लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट. तसा हुकूम काढून त्यांनी जागोजागी पाट्या लावून घेतल्या होत्या.

एके दिवशी शिपायांनी जवळच्या पाड्यातल्या रेमतीबाईला धरले. धावड्याच्या सालीला खाच पाडून ती डिंक काढत होती. अच्युतराव घोड्यावरून तिथे आले. पाड्यातली माणसेही गोळा झाली.

"झाडाला जखम करतेस? हुकूम वाचला नाहीस?" ते गरजले.

"वाचता येत नाही, साहेब. तुम्हीच वाचून दाखवा."

शेजारच्या धावड्यावरची पाटी त्यांनी खणखणीत आवाजात वाचली, "झाडास इजा करणाऱ्यास सहा महिने कैद!"

"बरं," रेमतीबाई म्हणाली. "मला पुढच्या वर्षीही याच झाडाकडे यायचं असतं, म्हणून मी भरून येईल एवढीच खाच पाडते. पण ही पाटी ज्यानं चार खिळ्यांनी ठोकली, त्यालाही माझ्यासोबत कैदेत पाठवा."

कुणीच हसले नाही, आणि तेच अच्युतरावांना जास्त लागले. ते खिळे त्यांनी स्वतः उभे राहून ठोकून घेतले होते. गंजलेल्या खिळ्यांभोवती साल काळी पडून फाटली होती. ते खाली उतरले, रेमतीबाईला सोडायला सांगितले आणि पाट्या ठोकणाऱ्या शिपायाकडची पकड घेऊन स्वतःच खिळे उपसू लागले.

"हळू, साहेब. साल निघतेय," ती म्हणाली.

मान वर करून तिच्याकडे बघण्याची त्यांची हिंमत झाली नाही. ती सांगेल तसा ते खिळा हलवत राहिले.