पुस्तकावरचे हात आणि चुलीवरची चवळी

यादीत सतरा नावं, आणि सतराच्या सतरा मुलग्यांची! माली देशातल्या सोबला गावात सहावी पास झालेल्या पोरांची ती यादी. तिच्यावर मुखियाचा शिक्का पडला, की संध्याकाळच्या बसने ती तालुक्याच्या मोठ्या शाळेत जायची. पुन्हा यादी जायची ती थेट पुढच्या वर्षी.

“अठरावं नाव माझं लिहा,” नियेले म्हणाली. वर्गात पहिली आली होती बरं ती!

“तुझं?” मुखिया सिदिकी कोने आरामखुर्चीतून खेकसला. “मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली, की चुलीवर काय शिजणार? धूर!”

आता एक गंमत ऐका. नियेले त्राओरे घराण्यातली, आणि त्राओरे आणि कोने ही एकमेकांची थट्टेची सोयरी घराणी. आपण मेहुण्याची खेचतो ना, त्याच्या दसपट! त्राओरेंच्या शेंबड्या पोरानंही कोने मुखियाला भर चौकात ‘चवळीखाऊ’ या ठरलेल्या शिवीनं चिडवावं आणि मुखियानं उलट चिडवावं, हा तिथला रिवाज. जो रागावला किंवा गप्प बसला, तो हरला.

“धूर तर तुमच्या डोक्यातून निघतोय, चवळीखाऊ!” नियेले म्हणाली.

“असं? मग ऐक गं चवळीखाऊ!” मुखियानं मांडीवर थाप मारली. “इथेच, आंब्याखाली चूल मांड. भांडंभर चवळी शिजव. पण दोन्ही हात पुस्तकावर! हात उचलला की नाव गेलं. आणि एकही बाई चुलीकडे फिरकायची नाही. बस यायच्या आत चवळी शिजली, तर मारतो शिक्का!”

नियेलेच्या आईनं कपाळाला हात लावला. मास्तर तर रडायच्या बेतात आले. नियेले मात्र डगमगते कसली! भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन ती मोठ्यानं वाचू लागली. समोर तीन दगड, भांडं, पाणी, लाकडं आणि कोरडी चवळी. सगळं जागच्या जागी गार.

पानभर वाचून ती थांबली. “शिजवून काय उपयोग म्हणा! कोनेंच्या पुरुषांना चूल कुठून पेटवतात तेही कळत नाही. कच्चीच चावतील.”

“मला कळत नाही?” मुखिया ताडकन उठला. “अगं, शिकारीला गेलो की महिना महिना रानात राहायचो मी!” आणि त्यानं फुंकर मारून जाळ केलासुद्धा.

“जाळ कुणीही करतं. चवळी धुवायची असते, हे कुठे ठाऊक असणार?”

मुखियानं चवळी तीन पाण्यांनी धुतली! भांडं चढवलं. बाया पदराआड खिदळू लागल्या.

नियेलेनं नदीचा धडा संपवला, डोंगराचा धरला. “कोने भांड्याशी बसतात कसले! झोपतात, आणि तळ करपतो.”

“करपेल ते त्राओरेंचं!” मुखिया पळी घेऊन उकिडवाच बसला. धुरानं डोळे लाल, टोपी तिरकी, झग्यावर उतू गेलेला फेस. कांदा हवा म्हणून त्यानं स्वतःच घराकडे धूम ठोकली आणि येताना मिरचीही आणली!

“मीठ मात्र विसरणार,” नियेले पुस्तकातूनच म्हणाली.

“घातलं! घे, चाख!” मुखियानं पळी पुढे केली.

“मला हात उचलता येत नाही, बाबा.”

मग त्यानंच तिला भरवलं. चवळी मऊ झाली होती! लांबून बसचा भोंगा ऐकू आला.

“शिजली,” नियेले म्हणाली. “हात पुस्तकावर. शिक्का?”

मुखियानं हातातल्या पळीकडे पाहिलं. “अगं, पण शिजवली मी!”

“तुम्ही बाई आहात का?”

सगळा चौक हसून लोळायला लागला. मुखियानं मात्र मान हलवली. “लबाडी आहे ही! माझ्या हातून करून घेतलंस. यात तुझं शिक्षण कुठे दिसलं?”

“हेच तर! नुसतं सहावीपर्यंत शिकले, तर हात न उचलता मुखियाला स्वयंपाकाला लावलं. मोठ्या शाळेत शिकून आले, तर तालुक्याच्या साहेबाला हातात फावडं घेऊन आपल्या गावाचा रस्ता करायला लावीन!”

मुखिया आधी खो खो हसला, मग ठसका लागेपर्यंत हसला. साहेब फावडं मारतोय म्हणे! त्यानं पोट धरून शिक्का मागवला, तिचं नाव लिहायला लावलं आणि एवढ्या जोरात शिक्का मारला की पुढ्यातल्या टेबलाचा पाय मोडला. शिवाय शाळा लांब, म्हणून आपली गाढवगाडी नियेलेला देऊन टाकली.

“थांबा मास्तर!” मास्तर यादी घेऊन बसमध्ये चढत होते, तेवढ्यात तो ओरडला. “माझ्या दोन नातीही पास झाल्यात. त्यांची नावं घाला! साहेबाला एकटी पोर कशी पुरणार?”