चौथा वायसर

वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. हळदकुंकू लावून बसवलेलं नवंकोरं बेसिन पहिल्याच दिवशी खालून गळू लागलं.

"बेसिनसाहेब, तुमच्या बुडाची कड खडबडीत राहिलीय. तेवढी घासून घ्या, म्हणजे मी घट्ट बसेन," खालचा रबरी वायसर म्हणाला.

"हळदकुंकू मला लागलंय की तुला? खोट तुझ्यातच!" बेसिन गरजलं.

प्लंबरनंही वायसरच बदलला. दुसरा तेच बोलला आणि कचऱ्यात गेला. तिसराही गेला.

चौथ्यानं येताना कचऱ्यात पडलेले ते तिघे पाहिले होते.

"काय रे, तुझी आहे का काही तक्रार?" बेसिननं विचारलं.

"छे, साहेब! तुमच्यात कसली खोट?"

तेव्हापासून खाली एक बादली असते. ती रोज भरते, रोज रिकामी होते, आणि बेसिन गळतं असं कुणीच म्हणत नाही.