अंबादासने शिकलेलं पास्कल

खैरवाडीत अंबादास नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगाल ते तो करायचा, आणि अगदी मनापासून करायचा. त्याला संगणक शिकायचा होता. तालुक्याला खटावकर मॅडमचा क्लास होता. मॅडम पास्कल नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला शिकवायच्या. अंबादास सायकलवर जायचा, मॅडमचं सगळं ऐकायचा आणि घरी येऊन वापरायचा. संगणकावर वापरलं असतं, तर काही बिघडलं नसतं.

एकदा मॅडमनी जेनेरिक शिकवलं. आकड्यांची यादी वेगळी, नावांची यादी वेगळी, असं पुन्हापुन्हा लिहीत बसू नका. यादी एकदाच लिहा. आत काय भरायचं ते आत्ता सांगू नका, तिथे नुसतं T लिहा. काय ते वापरताना ठरेल.

अंबादासला हे फार आवडलं. घरी आईने स्वयंपाकघरातले डबे घासून भरून ठेवले होते. सगळे एकसारखे दिसतात, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटव, असं तिने त्याला सांगितलं. अंबादासने प्रत्येक डब्यावर T चिकटवलं.

संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीला, मयूरीला बघायला पाहुणे आले. आईचा चष्मा देवघरात राहिला होता. तिने टी वाचलं, म्हणजे चहाच, असं समजून डबा उघडला आणि दोन चमचे उकळत्या पाण्यात टाकले. पाहुण्यांनी मोहरीचा चहा प्यायला. मुलगा स्वभावाने चांगला होता. किरण त्याचं नाव. ठसका थांबल्यावर त्याने होकार दिला.

हे ऐकून मॅडमनी अंबादासला समजावलं. T कायमचं ठेवायचं नसतं. वापरताना प्रकार सांगायचा, आणि एकदा प्रकार सांगितला की दुसऱ्या प्रकारचं काहीही आत येऊ द्यायचं नाही. पास्कल त्या बाबतीत फार कडक आहे.

अंबादासही कडक झाला. त्याच आठवड्यात गावच्या शाळेत महिलांचं आरोग्य शिबिर होतं. सरपंचबाईंनी त्याला दारात बसवलं. फळ्यावर लिहिलं होतं, फक्त महिलांसाठी. थोड्या वेळाने डॉक्टर आले. ते पुरुष होते.

"अहो, मी डॉक्टर आहे," ते म्हणाले.

"प्रकार चुकला," अंबादास म्हणाला.

डॉक्टर दुपारपर्यंत जीपमध्ये बसून राहिले. आत बायका त्यांची वाट बघत बसल्या. मधल्या वेळात एक शेळी आत गेली. तिला अंबादासने अडवलं नाही.

मग मयूरीचं लग्न आलं. ते किरणशीच लागलं, हे आधीच सांगून ठेवतो. पण लागलं संध्याकाळच्या मुहूर्तावर. सकाळचा मुहूर्त कसा गेला ते ऐका.

लग्नाच्या थोडं आधी मॅडमनी हॅश शिकवलं होतं. एखादी वस्तू हवी असली की सगळे कप्पे उघडून शोधत बसायचं नाही. नाव म्हणजे किल्ली, वस्तू म्हणजे तिची किंमत. किल्लीवरून एक आकडा काढायचा, वस्तू त्या आकड्याच्या कप्प्यात ठेवायची, आणि हवी तेव्हा सरळ तिथे जायचं. कार्यालयात पाहुण्यांना खोल्या द्यायचं काम वडिलांनी अंबादासकडे दिलं. यात काय चुकणार, असं त्यांना वाटलं.

अंबादासने नावातली अक्षरं मोजली. जेवढी अक्षरं, त्या नंबरची खोली. सुरेश, दिलीप, अशोक, मंगल, कमल, झाडून सगळे तीन नंबरमध्ये गेले. खोलीचं दार आतून उघडेना. पुरुषोत्तममामा पाच नंबरमध्ये एकटेच लोळत होते. एक नंबर रिकामी राहिली, कारण एका अक्षराचा माणूस वऱ्हाडात नव्हता.

तेवढ्यात आणखी एक दिलीप आला. अंबादास धावत मॅडमकडे गेला. मॅडम लग्नाला आल्या होत्या आणि जिलेबी खात होत्या. एकाच किल्लीवर दुसरा आला तर काय करायचं, असं त्याने विचारलं. मॅडमना वाटलं, अभ्यासातलंच विचारतोय.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "एका किल्लीला एकच किंमत. नवीन आली की जुनी जाते."

इतक्यात वरात दारात आली. मांडवभर एकच बोलणं सुरू झालं, जावई आले, जावई आले. अंबादास थबकला. जावई तर आधीच होते. थोरल्या ताईचे यजमान, वसंतदाजी, पुढच्या खुर्चीवर बसले होते. अंबादासने त्यांची बॅग उचलली, त्यांना स्टँडवर नेलं आणि एसटीत बसवलं.

"तुमच्या जागी नवीन आले, दाजी," तो नम्रपणे म्हणाला.

दाजी लाल झाले. रागाने तिकीट काढून निघून गेले.

ताईला कळलं तेव्हा ती मांडवातच रडायला लागली. वडिलांनी जीप पिटाळली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "जावई परत आल्याशिवाय हे लग्न लागायचं नाही."

पुढच्या थांब्यावर एसटी गाठली. हातापाया पडून दाजींना परत आणलं. मंडळींचा जीव भांड्यात पडला. जो तो म्हणू लागला, जावई आले, जावई आले.

अंबादासने पुन्हा विचार केला. किल्ली तीच होती. नवीन मात्र आता दाजी होते.

तो आतल्या खोलीत गेला आणि किरणचा हात धरला. नवरीचा भाऊ कान पिळायला आला असेल, असं समजून किरण हसत उठला. अंबादासने त्याच्या मुंडावळ्या सोडल्या, त्याला मागच्या दाराने नेलं आणि तालुक्याच्या एसटीत बसवलं. परत येऊन त्या मुंडावळ्या त्याने दाजींच्या कपाळाला बांधल्या. मघाच्या अपमानाची भरपाई म्हणून हा मान असेल, असं दाजींना वाटलं. ते खूश होऊन पाटावर उभे राहिले. भटजींनी अंतरपाट धरला.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. मयूरीने हार उचलला. समोर दाजी मान पुढे करून समाधानाने हसत होते.

पुढच्या रांगेतून ताई ताडकन उठली.

"बस, ताई," अंबादास म्हणाला. "जावई परत आलेत. आता लागू दे लग्न."