आजोबांच्या प्रसंगाला व्हायोलिन

हिमानीच्या लघुपटाच्या शेवटी आजोबा गेलेल्या आजीच्या लुगड्याची मुकाट्याने घडी घालतात. ते पाहून परीक्षक धारवाडकर सर उखडले.

“इथे व्हायोलिन कुठाय? लोकांना रडायचं कधी ते कळणार कसं? नापास करतो तुला.”

हिमानीची पदवी या एका लघुपटावर अडली होती. तिने मागच्या बाकावर व्हायोलिन घेऊन बसलेल्या वर्गमित्राला, शौनकला, हळूच खूण केली. सरांनी पेन उघडताच त्याने करुण सूर धरला. पेन गुणांच्या चौकटीकडे सरकलं, तसा सूर हुंदके देऊ लागला.

“बंद कर रे ते. माणूस गंभीर काम करतोय, दिसत नाही?”

“दिसतंय ना, सर,” हिमानी म्हणाली. “आजोबाही तेच करत होते.”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“परत दाखव. आणि याला आधी बाहेर बसव.”