पश्चिमेकडे तोंड केलेले पाल

एकदा एक वृद्ध आचार्य सोमदत्त आणि वल्लभ या आपल्या दोन शिष्यांसह मरुभूमी ओलांडत होते. वाटेत वल्लभच्या हातून पाण्याची मशक निसटली आणि सारे पाणी वाळूत जिरले. दुसऱ्या मशकेत थोडेच उरले होते. सोमदत्ताचा तोल सुटला. "तुझ्यासारख्याने घरीच बसावं. आमच्या जिवावर उठला आहेस तू." पश्चिमेला कुठे विहीर दिसते का ते पाहून येतो, एवढेच आचार्यांना सांगून रिकामी मशक खांद्यावर टाकून वल्लभ निघाला.

ऊन माथ्यावर आले होते, पश्चिमेचा वारा अंग भाजत होता. सोमदत्त पालासाठी मेखा ठोकू लागला, तेव्हा आचार्य म्हणाले, "तोंड पश्चिमेला ठेव."

"वारा तिकडूनच येतो आहे. सगळी वाळू आत येईल."

"येऊ दे."

पाल वाऱ्याकडे पाठ करून ठोकावे, हे कोणालाही कळते. पण गुरूंची आज्ञा, म्हणून सोमदत्ताने ताडपत्री तशी ताणली. वाळू डोळ्यांत गेली, दातांखाली करकरू लागली. आचार्यांचा डोळा लागताच त्याने ताडपत्रीच्या पुढच्या कडा ओढून दोरीने घट्ट आवळल्या.

बऱ्याच वेळाने आचार्य जागे झाले. "वल्लभ आला नाही अजून?"

"न येईना का. उरलेलं पाणी दोघांना पुरेल तरी."

आचार्यांनी बंद तोंडाकडे पाहिले आणि उठून ते गाठी सोडू लागले. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागला. समोर कोणी नव्हते. सोमदत्त वळसा घालून पालामागे गेला आणि जागीच थबकला. आडोशाच्या वाळूत पावले उमटली होती. ताडपत्रीला लागून कोणी बसल्याची खूण होती, आणि तिथेच एक मशक ठेवलेली होती, काठोकाठ भरलेली.

तो हाका मारत धावला. पण उघड्यावरची पावले वाऱ्याने केव्हाच पुसली होती.

परतला तेव्हा त्याला आचार्यांकडे पाहवेना. ते म्हणाले, "बोल ऐकून घेतलेला माणूस परत येतो, तेव्हा हाक मारत नाही. दार उघडं आहे का, एवढंच लांबून पाहतो. त्याच्यासाठी थोडी वाळू खाल्ली असती आपण."

"मला हे आधी का नाही सांगितलंत?"

आचार्य हळूच म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू माझ्या शब्दाखातर उघडं ठेवलं असतंस. मला वाटलं, तुलाच त्याची वाट पाहावीशी वाटेल. तिथे माझंही चुकलं."

त्या पाण्यावरच दोघांनी मरुभूमी पार केली.

पुढे वल्लभ एका धनगरवाडीत राहतो असे कानावर आले, तेव्हा सोमदत्त त्याच्याकडे गेला आणि पायांशी वाकला. वल्लभने त्याला उठवले, सावलीत बसवले, जेवू घातले. आचार्यांच्या प्रकृतीची चौकशी केली. "तुझ्यावर माझा राग नाही," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. निघताना सोमदत्ताने विचारले, "चलतोस ना?" वल्लभने नुसती नकारार्थी मान हलवली आणि वाडीच्या कुंपणापर्यंत त्याला पोचवायला आला.

उशिरा मागितलेली क्षमा मिळते. गेलेला माणूस तिच्याबरोबर परत येतोच असे नाही.